महादेवीबाईंची कुलेआना

हवाई बेटांवर लेकीकडे एक हिवाळा काढून महादेवीबाई परत आल्या (तिकडे हिवाळा नसतो, हे मी भूगोलाचा शिक्षक म्हणून सांगून ठेवतो) आणि पहिल्याच शनिवारी आमच्या स्टाफरूममध्ये त्यांनी तो शब्द उच्चारला. पीटीचे सर चहा सांडेपर्यंत हसले. शब्द होता ‘कुलेआना’. त्याची पहिली दोन अक्षरं मराठी कानाला काय ऐकू येतात आणि पुढची दोन जोडली की काय घोटाळा होतो, ते मी इथं लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळलंच असेल. दोन शिक्षिका पदर तोंडाला लावून पेपरच्या गठ्ठ्याआड गेल्या. बाईंनी तिकडून आणलेल्या चॉकलेटचा डबा टेबलावर उघडून ठेवला होता, त्याला शांतपणे झाकण लावलं.

“हसून घ्या,” त्या म्हणाल्या. “परका शब्द घरात आला की त्याची टिंगल होतीच. माझी पण झालीय की हितं. हसून झालं की अर्थ सांगते. ज्याच्या डोक्यात शिरंल त्याला चॉकलेट.”

त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण शनिवारची सकाळची शाळा सुटायच्या वेळेला त्या यायच्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या. तिथं आधीच कोणी बसलेलं असलं तर नुसत्या त्याच्याकडे बघत उभ्या राहायच्या. ठेंगणी, काटक मूर्ती, पाठ मात्र ताठ. अंगावर इरकल, कपाळाला विभूती आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. चपला घालून नीट भांडता येत नाही, पाय सटकतो, असं त्यांचं म्हणणं. मी त्या शाळेत नवा लागलो तेव्हापासून त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. “काय हो भूगोल” एवढंच. माझ्या लग्नातल्या आहेराच्या पाकिटावरही ‘चि. भूगोल यांस’ असंच लिहिलेलं होतं आणि सासरच्या मंडळींना त्याचा खुलासा करता करता माझी पुरेवाट झाली.

बाई मूळच्या सोलापूरजवळच्या वळसंगच्या, लिंगायत घरातल्या. घरात बोलणं कानडी. मुलींच्या मराठी शाळेत त्या मराठी शिकवायला आल्या, तेव्हा कानडी बाई काय मराठी शिकवणार म्हणून कुजबुज झाली होती म्हणे. बाईंनी ती कानाआड केली नाही. कुजबुजणाऱ्यांना गाठून सांगितलं, की तुम्हाला मराठी फुकटात मिळाली, मी ती कमावलीय, तेव्हा तिची काळजी कोण जास्त घेईल ते बघू. आणि खरंच घेतली. संतापल्या की मात्र लिंगविवेकाचा चुराडा व्हायचा. ‘ती हेडमास्तर’ आणि ‘तो बाई’ असे उल्लेख ऐकू आले, की आज काहीतरी पेटलंय हे आम्ही ओळखायचो.

वर्गात त्यांचा एकच प्रश्न असायचा. मुलीनं शब्दाचा अर्थ सांगितला की त्या म्हणायच्या, “आणि?” मुलगी विचार करून दुसरा सांगायची. “आणि?” असं मुलगी पार कोरडी पडेपर्यंत चालायचं. एका शब्दाला एक अर्थ सांगून खाली बसणारी मुलगी म्हणजे ताटात वाढलेलं अर्धं टाकून उठणारी, असं त्यांचं मत. मुलींनी त्यांचं नाव ठेवलं होतं ‘आणीबाणी’. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

एकदा सहामाहीच्या पेपरात ‘वाटा’ या शब्दाचा अर्थ विचारला होता. पेपर हेडमास्तरांनी काढलेला, त्यांना हवं होतं ‘रस्ते’. एका मुलीनं लिहिलं ‘हिस्सा’. दुसरीनं लिहिलं ‘मिरच्या बारीक करा’. बाईंनी दोघींना पूर्ण गुण दिले. हेडमास्तरांनी ते कापले. मधल्या सुट्टीत बाई पेपर घेऊन केबिनच्या दारात उभ्या राहिल्या आणि सुट्टी संपली तरी हलल्या नाहीत. शेवटी हेडमास्तर कंटाळून म्हणाले, की अहो बाई, एका मार्काचा प्रश्न, त्याचं काय एवढं घेऊन बसलात. तेव्हा बाई जे बोलल्या ते मी व्हरांड्यात उभा राहून ऐकलेलं आहे.

“मिरच्यांचं सोडा. पण ह्या पोरीला वाटा म्हणजे हिस्सा हे ठाऊक हाय. शाळेनं ते चूक ठरवलं तर उद्या भाऊ सांगतील तेच तिला बरोबर वाटणार. तुमी लाल शाईनं काय कापलंय ते बघा जरा.”

गुण परत मिळाले. मिरच्यांचेसुद्धा.

तर त्या हवाईच्या शब्दाची गोष्ट अशी. बाईंची लेक सुमंगला तिकडे नोकरीला. तिच्या घराशेजारी लेइलानी नावाची एक म्हातारी राहायची, आख्खं गाव तिला आंटी म्हणायचं. सोलापूर सोडून इतक्या लांब गेलो तरी आंटीतनं सुटका नाही, असं बाई म्हणायच्या. दोघींची ओळख अळूवरून झाली. आंटी गुडघाभर पाण्यात उभी राहून अळू लावत होती, बाई कुंपणाशी जाऊन म्हणाल्या, हे आम्हीही खातो. बाईंचं इंग्रजी हजेरी पुकारल्यासारखं एकेका शब्दाचं, पण त्यामुळे त्यांचं कधी अडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी अळूवड्या करून नेल्या, आंटीनं अळूचा कंद कुटून केलेलं काहीतरी करड्या रंगाचं दिलं. ते बाईंना मुळीच आवडलं नाही आणि तसं त्यांनी सांगितलंही. तिथून मैत्री झाली.

आंटीचा जमिनीचा तुकडा लहानसा. चहूबाजूंनी एका बड्या मालकाची इस्टेट. मालकाला तो तुकडा हवा होता. त्याच्या वकिलांनी आंटीचे देशोदेशी पांगलेले चुलत-मावस भाऊबंद हुडकून एकेकाच्या सह्या घेतल्या होत्या. आंटी तेवढी नाही म्हणाली. त्या तुकड्यात तिची माणसं पुरलेली होती. बाईंनी विचारलं, की सगळ्यांनी दिलं, तू का नाही दिलंस? आंटी म्हणाली, ही माझी कुलेआना आहे. म्हणजे काय? म्हणजे जबाबदारी.

आता समोर आमच्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, “आणि?”

आंटी म्हणाली, हक्क. आणि? अधिकार. आणि? कारण. आणि? हा असा मोठ्या रानाच्या पोटातला लहान तुकडा, त्यालाही कुलेआनाच म्हणतात. बाई सांगायच्या, की जन्मात पहिल्यांदा मला अशी बाई भेटली, जिच्यापुढं माझं ‘आणि’ दमलं. शेवटी आंटीनं सांगितलं, की नात्यातलं एखादं माणूस असं असतं, ज्याच्यामुळे बाकीच्यांचं एकमेकांशी नातं लागतं. त्या माणसालासुद्धा हाच शब्द.

स्टाफरूममध्ये हे सगळं सांगून झाल्यावर पीटीच्या सरांनी विचारलं, की मग यातला खरा अर्थ कोणता? बाईंनी त्यांना चॉकलेट दिलं नाही. त्यांचा मुद्दा हाच होता, की यातला एक निवडायचा नसतो. आपल्याकडे नागरिकशास्त्रात हक्कांचा धडा वेगळा आणि कर्तव्यांचा वेगळा. मुलं एक पाठ करतात, दुसरा ऑप्शनला टाकतात आणि मोठेपणी तसंच वागतात. तिकडे शब्दच एक. हक्क म्हणायला तोंड उघडलं की जबाबदारीसुद्धा त्याच श्वासात बाहेर पडते. जबाबदारी म्हटलं की हक्कही द्यावाच लागतो. अर्धी कुलेआना मिळत नाही, असं त्या बजावून सांगायच्या.

बाई राहायच्या भवानी पेठेत, नवऱ्याच्या मागं राहिलेल्या घराच्या माडीवर. खाली आणि शेजारी यंत्रमाग, त्यांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सगळ्या बोळाला सवय. बोळात एक जुना आड होता. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही हे सांगायला नको, तेव्हा उन्हाळ्यात आडाची किंमत वाढायची. एका उन्हाळ्यात सुताचे एक व्यापारी शेजारी त्यावर जाळी बसवून कुलूप लावून मोकळे झाले. त्यांचं म्हणणं, आड आमच्या वडिलांनी खणलेला, आमच्या हक्काचा. बाई खुर्ची घेऊन आडाशी जाऊन बसल्या. म्हणाल्या, हक्क मान्य, पण अर्धी कुलेआना मिळत नाही, गाळ काढायचं कामही तुमचंच, कधी उतरताय तेवढं सांगा, मी थांबते. दुपारी बसल्या, संध्याकाळी बसल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसल्या. बोळातली तेलुगू बोलणारी विणकरांची मंडळी कामावरून येता-जाता व्यापाऱ्याला गाळाबद्दल विचारू लागली. कुलूप निघालं. त्यानंतर समोरचे दखनी बोलणारे चाचा बाईंना बूट घालून निघताना बघायचे आणि विचारायचे, “क्यूं जी कुल्याना, आज किससे?”

बाई हट्टी होत्या असं वळसंगात अजून म्हणतात. हट्टी होत्याच. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

वळसंगात त्यांच्या वडिलांची जमीन होती. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर बाईंचं आणि धाकट्या भावाचं, शिवलिंगचं, नाव लागलं. शेत भावानं कसलं, उन्हातान्हात राबला तो. बाई हे कधी नाकारत नसत. पण आईची अखेरची, अंथरुणातली वर्षं भवानी पेठेतल्या माडीवर बाईंच्या हातून निघाली, हेही कुणी नाकारत नव्हतं. शेताच्या एका कोपऱ्यात लिंबाखाली अप्पा आणि अव्वा, म्हणजे वडील आणि आई, शेजारी शेजारी होते. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. पद्मासनात बसवून, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवून मातीत ठेवतात. वर दगडी समाधी. त्या दोन समाध्यांना चुना द्यायला, भोवतीचं गवत काढायला बाई दर वर्षी जायच्या, आणि नंतरची काही वर्षं माझ्या स्कूटरवरून जायच्या. मी रस्त्याकडेला उभा राहायचो. त्या आत बसून अव्वाशी कानडीत वर्षभराचं बोलून घ्यायच्या.

रस्ता रुंद झाला आणि शेताला प्लॉटिंगवाले विचारू लागले. शिवलिंगचा मुलगा मल्लिनाथ याच्या मनानं घेतलं, की सगळं एकदम विकावं. त्यासाठी आत्याची हक्कसोड हवी. बहिणीनं बापाच्या जमिनीवरचा हक्क भावाच्या नावे सोडून द्यायचा आणि बदल्यात साडीचोळी घेऊन माहेर शाबूत ठेवायचं, ही आपल्याकडची जुनी सोय. कायदा काहीही म्हणो, गोड आवाजात मागितलं की बहिणी सही करतात. बाई फोनवर भावाला म्हणाल्या, “तम्मा, त्यो कोपरा माझी कुलेआना हाय.”

शिवलिंगनं ऐकलं ‘कूळ’. खेड्यात कूळ म्हटल्यावर माणसाची झोप उडते. अक्कानं परस्पर कुणालातरी शेत कसायला देऊन कूळ लावलं, आता कूळकायदा लागून जमीन जाणार, ही बातमी रात्रीत गावभर झाली. तलाठ्यानं सगळे उतारे उलटेपालटे करून पाहिले, कूळ काही सापडेना. सकाळी शिवलिंग धापा टाकत माडीवर हजर. मी तिथंच होतो. त्याने विचारलं, की अक्का, कोण त्यो? बाईंना आधी कळेना, मग कळल्यावर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर त्या हसल्या. मग त्याला जवळ बसवून, शेंगाचटणी-भाकरी वाढून, आंटी लेइलानीची सगळी गोष्ट त्यांनी सांगितली. त्यानं निमूट ऐकून घेतली आणि जाताना विचारलं, की मग सही कधी देतीस?

बाईंनी होकार दिला. मी चक्रावलो. त्यांनी मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं, भावानं आणलेली नवी साडी नेसल्या आणि नोंदणीच्या कार्यालयात जाऊन बसल्या. नंबर आला. अधिकाऱ्यानं मान वर न करता ठरलेला प्रश्न विचारला, की ही सही तुम्ही राजीखुशीनं करताय ना? हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात आणि उत्तराची वाट कुणी बघत नाही.

“नाही,” बाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यानं मान वर केली.

“राजी पण नाही आणि खुशी पण नाही. साहेब, तुमी विचारलंत म्हणून सांगितलं. मला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं.”

मल्लिनाथ तिथंच आरडाओरडा करायला लागला. बाहेर आल्यावर मी विचारलं, की नाहीच म्हणायचं होतं तर घरी का नाही म्हणालात? त्या म्हणाल्या, की घरात म्हटलेलं नाही घरातच जिरवतात. मल्लिनाथच्या बायकोनं साडीचा विषय काढला तर तिला ऐकवलं, की साडी भावानं बहिणीला दिलीय, ती बहिणीची. आणि जमीन बापानं लेकीला दिलीय. भावाने मात्र गाडीत बसताना बहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही सात रस्ता चौकापर्यंत चालत आलो. बाई वाटेत एकदाच बोलल्या. “भूगोल, माहेर गेलं हो माझं,” म्हणाल्या आणि रडल्या. भर रस्त्यात, पदराआड न लपता.

माहेर खरंच तुटलं. घरातल्या कार्याची बोलावणी बंद झाली. बाईंनी चुना द्यायला जाणं मात्र सोडलं नाही. शेजारच्या बांधावरून वाट काढून जायच्या.

मग एका दुपारी वळसंगहून त्यांच्या मैत्रिणीचा फोन आला, की तुझ्या रानात खुंट्या ठोकतायत. मल्लिनाथनं खासगी मोजणीवाला आणला होता. सह्यांचं पुढं बघू, आखणी तर करून घेऊ, हा त्याचा हिशेब. बाईंचा निरोप आला तेव्हा माझा नववीवर तास होता. पीटीच्या सरांनी तो मी न सांगताच घेतला, हे त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

आम्ही पोचलो तेव्हा चुन्याची एक लांब रेघ लिंबाच्या दिशेनं येत होती. समाध्यांच्या पलीकडे शिवलिंग उभा, मल्लिनाथ कागद धरून, आणि मोजणीवाला फीत ताणून. बाई सरळ अव्वाच्या समाधीशेजारच्या मोकळ्या जागेत गेल्या, रेघ जिथून जाणार होती तिथंच. मातीत पद्मासन घालून बसल्या. पाठ ताठ. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले.

“मोजा,” म्हणाल्या.

मोजणीवाला परगावचा, त्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, आजी, उन्हात कशाला बसता. पण शिवलिंगचा चेहरा उतरला. आईवडिलांना त्याने स्वतःच्या हातांनी तसं बसवलं होतं.

“अक्का, ऊठ,” तो म्हणाला. “जित्या मान्सानं हितं असं बसू न्हाय.”

बाईंनी डोळे उघडले. “मग मेल्यावर कुटं बसू, ते सांग.”

मल्लिनाथ मधे पडला. आत्याला सासरची जागा हाय की, म्हणाला. शिवलिंगनं हातानंच त्याला गप्प केलं. मग तो मोजणीवाल्याकडे वळून म्हणाला, “ह्यो कोपरा सोडा.”

“सोडा म्हणू नको,” बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. “सोडलेलं नको मला. कुणाचा हाय ते म्हण.”

आता तिथं पोराच्या, परक्या माणसाच्या आणि माझ्या, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“तुजा,” तो म्हणाला. “अप्पाचा, अव्वाचा, आन् तुजा. कागदावर बी तुजाच करू.”

पुढं तसे कागद झाले. तो कोपरा आणि तिथपर्यंत जायचा रस्ता बाईंच्या नावानं वेगळा निघाला, बाकीचं रान भावाला मिळालं आणि ते त्याने विकलं. बाईंनी त्याला अडवलं नाही. दोन पावसाळ्यांनंतर बाई गेल्या. शिवलिंगनं खड्ड्यात उतरून बहिणीला अव्वाशेजारी बसवलं असं ऐकलं. मी तेव्हा बोर्डाच्या कामावर बाहेरगावी होतो, पोचू शकलो नाही.

त्यामुळे माझ्यापाशी शेवटच्या म्हणून आहेत, त्या मोजणीच्या दुपारच्या बाई. भावाचं बोलणं ऐकून झाल्यावर त्यांनी लिंग कपाळाला टेकवून पुन्हा गळ्यात घातलं. मग दोन्ही हात त्याच्याकडे वर केले.

“आता उठव,” म्हणाल्या. “गुडघं धरल्यात माझं.”

शिवलिंग वाकला, त्यानं काखेत हात घालून बहिणीला उभं केलं. बाई उभ्या राहिल्या, तोल सावरला, पदर नीट केला, आणि त्यानंतरही त्यांनी त्याचा हात सोडला नाही.